कुंभद्वीपाचा नकार

पूर्वी शूर्पारक नगरात सुबाहू नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व समुद्रातल्या कुंभद्वीप नावाच्या लहानशा बेटावर कोळ्यांच्या कुळात जन्माला आले होते. त्यांचे नाव धीरक. वडिलांमागे बेटाचे नाईकपण त्यांच्याकडे आले, तेव्हा ते अगदी तरुण होते आणि घरात पाळणा नुकताच हलू लागला होता. बोधिसत्त्व झाले म्हणून काळजी चुकते थोडीच!

मागच्या पावसाळ्यात समुद्राने बेटाचा दगडी बंधारा फोडला होता. मोठ्या भरतीला पाणी घरांच्या उंबऱ्याशी येई, आणि त्यातले पहिले घर बोधिसत्त्वांचे होते. त्यांची पत्नी चंपिका हिने पाळण्याची दोरी आखडून तो पार आढ्याजवळ नेला होता.

अशा वेळी नगरातून मणिदत्त नावाचा व्यापारी बेटावर उतरला. त्याला तिथे द्यूतगृह बांधायचे होते. नगरातले धनिक जहाजातून येतील, बेटावरचे लोकही खेळतील, फासे थांबणार नाहीत. आणि बदल्यात तो नवा बंधारा बांधून देईल. राजाची संमती होती. फक्त बेटाचा होकार हवा होता.

सगळे बेट वाळूवर जमले. बहुतेकांना बेत पसंत होता. फाशांचे भय तिथे कुणालाच नव्हते, कारण जाळी कुणी कुठे लावायची, ते हंगामाच्या सुरुवातीला कवड्या टाकूनच ठरे. ज्याच्या वाट्याला वाईट जागा येई, त्याला पुढच्या हंगामात पहिली निवड मिळे, आणि तोवर शेजारी त्याला आपल्यातले मासे देत. नशीब आजमावणे म्हणजे एवढेच, अशी त्या लोकांची समजूत होती.

बंधारा हवाच, हे बोधिसत्त्वांना दिसत होते. नाही म्हणावे, तर उद्या एखादे लेकरू वाहून जायचे. हो म्हणावे, तर... तर काय, ते त्यांना नीट मांडता येईना. आपण उगाच भितो आहोत की काय, असेही वाटून गेले.

"अहो, काहीतरी बोला," चंपिका हळूच म्हणाली. "सगळे तुमच्या तोंडाकडे बघताहेत."

"शब्द सापडत नाहीत."

"मग सापडेपर्यंत हो तरी म्हणू नका."

तेवढ्यात खेमक नावाचा म्हातारा कोळी उठला. द्यूतगृहात पहिले पाऊल आपलेच, असे तो सकाळपासून सांगत फिरत होता. त्याने मोठ्या अदबीने विचारले, "शेठ, आज मी हरलो, तर उद्या पहिला डाव माझाच ना? आणि हरलेल्याचं भरून कधी देता तुम्ही?"

मणिदत्त हसला. मग त्याचे नोकरही हसले. "आजोबा, हरलेल्याचं भरून द्यायला लागलो, तर मी खाऊ काय?"

खेमक गोंधळला. "म्हणजे, हरलेला हरलेलाच राहतो?"

"नाही हो. घरी जातो."

"आणि त्याच्या घरच्यांनी काय खायचं?"

यावर कुणी हसले नाही.

बोधिसत्त्व उभे राहिले. "शेठ, आमच्यात कुणी हरला, तर त्याची सोय लावणं सगळ्यांवर येतं. तुमच्याकडे तो हरेल, म्हणूनच तर तुम्ही बंधारा बांधणार. दगड आमच्याच घरांतून काढणार आणि वर उपकार तुमचे. आम्हाला हे नको."

"बंधारा नको?"

"बंधारा हवा. तुम्ही नको."

मणिदत्ताच्या तोंडावरचे हसू गेले. "नाईक, तुझं घर तर अगदी पाण्यात आहे. लेकराला पोहायला शिकवून ठेव."

"शिकवणारच आहोत," चंपिका म्हणाली. "बेटावरचं मूल आहे ते. तुम्ही तुमची होडी बघा. ओहोटी लागलीय, रुतून बसाल."

"राजाला काय सांगू?"

"नाही म्हणाले, असं सांगा," बोधिसत्त्व म्हणाले. "चिडले, तर चिडू द्या. आम्ही इथेच असतो."

राजा चिडलाच. कुंभद्वीपाकडे दगड भरलेली एकही नाव सोडायची नाही, असा हुकूम निघाला. मग बोधिसत्त्वांना ऐकू जाईल अशा बेताने लोक कुरकुरू लागले. बोधिसत्त्वांनी सगळे ऐकून घेतले आणि पहार उचलून ते स्वतःच्याच घराचे जोते उकलू लागले. चंपिका मुलाला कडेवर घेऊन लहान दगड वाहू लागली.

खेमक धावत आला. "नाईक, घर मोडताय?"

"हलवतोय. बंधारा आता घरामागून जाईल."

म्हातारा तसाच माघारी गेला. मग त्याने आपल्या अंगणातला बसायचा दगड लोटत आणला. संध्याकाळी आणखी काही घरांतले लोक आले. कुरकुरणारेही कुरकुरतच आले. बंधारा वाकडातिकडा झाला, पण उभा राहिला.

पावसाळ्यात समुद्र आला. बोधिसत्त्वांचे घर जिथे होते, तिथे लाटा फुटू लागल्या. बंधाऱ्याच्या आत मात्र पाणी आले नाही.

ही कथा सांगून तथागत जेतवनातल्या भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा मणिदत्त म्हणजे आजचा देवदत्त. खेमक हा आपला आनंद. चंपिका ही राहुलमाता, आणि तिच्या कडेवरचे मूल राहुल. दगड वाहणारे द्वीपवासी इथेच तुमच्यात बसले आहेत. धीरक नाईक मी होतो. एकदा नाही म्हटल्यावर त्याची किंमत आधी स्वतः द्यावी आणि शब्दावरून हलू नये, हीच अधिष्ठान पारमिता."