क्रुसाला चिखल का लावतात

बसा, पाय लांब करून बसा. ही एका चालणाऱ्या बाईची गोष्ट आहे, आणि ती ऐकताना ऐकणाऱ्याचेच पाय दुखायला लागतात. कुणाला उठायचं असेल तर आत्ताच उठा, मग मधे चुळबुळ नको.

फार वर्षांपूर्वीची हकिकत. खाडीवर तेव्हा पूल नव्हता. पाद्री होडीतून यायचा, तोही सणासुदीला. आपला तिवरपाडा मात्र इथंच होता. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भाताची शेतं, आणि दोन्हींच्या मधे मातीचा लांबलचक बांध. बांध म्हणजे गावाचा जीव. तो होता म्हणून शेतात भात पिकत होतं आणि विहिरीला गोडं पाणी होतं. तो फुटला असता तर खारं पाणी आत शिरलं असतं, आणि मग कितीतरी वर्षं तिथं काही उगवलं नसतं.

आता बांध फोडायला काही दरोडेखोर येत नाहीत. बांध फोडते ती चिंबोरी, म्हणजे खाडीतला खेकडा. एवढीशी चिंबोरी बांधात बीळ करते, बिळातून पाणी झिरपतं, झिरपता झिरपता त्याची धार होते, आणि एका उधाणाच्या भरतीला ती धार बांधच घेऊन जाते. म्हणून जुन्या माणसांनी रीत घालून दिली होती, की रोज ओहोटीच्या वेळी एका घरानं बांधाची फेरी करायची. त्याला 'वार' म्हणायचे. आज या घराचा वार, उद्या शेजारच्या घराचा. काखेत चिखलाची टोपली घ्यायची, हातात जपमाळ धरायची, आणि 'नमो मारिया' म्हणत निघायचं. बीळ दिसलं की प्रार्थना तिथंच थांबवायची. चिखलात पेंढा कालवायचा, बीळ बुजवायचं, टाचेनं घट्ट दाबायचं, आणि राहिली होती तिथून प्रार्थना पुढं चालू करायची. माळ आणि बांध एकदमच संपायचे. यातली प्रार्थना कुठली आणि काम कुठलं, असं कुणी विचारायचं नाही.

मग एका वर्षी भात असं पिकलं, की ठेवायला कणग्या पुरेनात. गावानं देवाचे उपकार मानायचं ठरवलं आणि बांधाच्या मधोमध सागवानी क्रूस उभारला. पाद्रीनं त्याला आशीर्वाद दिला. तो म्हणाला, हा क्रूस बघून तुम्हाला आपल्या वाराची आठवण राहो. लोकांनी मान डोलावली आणि सोयीचं तेवढं ऐकलं. दुमिंग पाटील गावातला मोठा माणूस, त्याचा शब्द गावात चालायचा. तो म्हणाला, आता प्रभूच बांधावर उभा राहिला, चिंबोरीची काय बिशाद आहे! लोकांना ते पटलं. पटणारच, सोपं होतं ना.

आधी एका घराचा वार चुकला. घरात ताप होता, खरंच होता. काही बिघडलं नाही. मग दुसऱ्या घराचा चुकला, तिथं ताप नव्हता. तरी काही बिघडलं नाही. पुढं पुढं लोक रविवारी संध्याकाळी क्रुसापाशी जमायचे, खाली चटया टाकून बसायचे, जपमाळ म्हणायचे आणि स्वच्छ पायांनी घरी जायचे. प्रार्थना राहिली आणि फेरी गेली.

गेली म्हणजे, एका बाईची सोडून.

तिचं नाव रेजीनबाय. नवरा इनास खाडीत बुडून गेला, तेव्हापासून तिच्या घरचा वार तीच करायची. बाकीच्यांनी वार सोडले, तसे तिनं तेही उचलले. कुणी सांगितलं नव्हतं. एके दिवशी शेजारचं कुणी निघालं नाही म्हणून ती निघाली, दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, आणि मग ते तिच्या अंगवळणीच पडलं. उंच नव्हती, धिप्पाड नव्हती. असं म्हणतात, की बांधावरून चालताना टोपली आधी दिसायची आणि रेजीनबाय मागून.

बांधाच्या आतल्या अंगाला पाण्याची एक चरी होती. रेजीनबाय चालता चालता वाकायची, चरीत बोट बुडवायची आणि जिभेला लावायची. पाणी गोडं लागलं तर पुढं. खारट लागलं, की जवळपास बीळ आहेच. मग ती गुडघ्यांवर बसून शोधायची. अशी किती वर्षं गेली ते तिनं मोजलं नाही. कंबरेचा काटा ढिला झाला, टाचांना भेगा पडल्या, त्या भेगांत खाडीचं मीठ जायचं.

आणि गाव काय म्हणत होतं? गाव म्हणत होतं, रेजीनबायचा देवावर भरवसा नाही. प्रभूचा क्रूस उभा असताना ही बाई रोज तपासायला जाते! देवळाच्या पायरीवर बायका तिला बघून हसायच्या. तिचा मुलगा पास्कू वेगळं घर करून राहायचा, तोही एकदा चिडून म्हणाला, की आई, तुझ्यामुळं मला चार माणसांत मान खाली घालावी लागते. चिखलाचा भार तिला कधी जड झाला नाही, हा मात्र झाला. जिनं सगळ्यांच्या वाट्याची राखण केली, तिलाच अविश्वासू ठरवलं होतं.

असं म्हणतात, की त्या दिवशी ती फेरी अर्धी टाकून क्रुसापाशी बसली. रडली नाही. रडायलाही अंगात जोर लागतो. ती क्रुसाकडे बघून म्हणाली, "पुरे झालं मला. उद्यापासून तूच बघ."

खाडीवरून वारा येत होता, तेवढाच आवाज. रेजीनबाय घरी गेली आणि पडून राहिली. दुसऱ्या दिवशी ओहोटी लागली, तसे तिचे पाय आपले आपण निघाले. तिला स्वतःचाच राग आला, पण निघाली. चरीत बोट घातलं, जिभेला लावलं आणि ती जागच्या जागी उभी राहिली. पाणी खारट होतं. पुढं गेली, तिथंही खारट. क्रुसाच्या अलीकडे खारट आणि पलीकडेही खारट. एका बाईच्या टोपलीत मावेल एवढं ते काम राहिलंच नव्हतं.

त्या आठवड्यात आगेरा होता. आगेरा म्हणजे नव्या भाताचा सण. पहिल्या लोंब्या कापायच्या, वाजतगाजत देवळात न्यायच्या, पाद्रीकडून आशीर्वाद घ्यायचा, आणि मग सगळ्या गावानं एका मांडवात जेवायचं. त्या वर्षी आगेरा नेमका पुनवेवर आला होता. पुनवेची भरती भर दुपारी येते आणि आश्विनातलं उधाण वाईट असतं, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि मनावर घेणं वेगळं.

रेजीनबाय घरोघर फिरली. पाणी खारट झालंय, म्हणाली, सगळे चला, भरतीच्या आत बिळं बुजवू. कुणी सणाचे पिठाचे फुगे तळत होतं, कुणी मांडवाला झावळ्या बांधत होतं. सण होऊ दे, म्हणाले. दुमिंग पाटलानं तिला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि समजुतीच्या सुरात सांगितलं, की बाई, तू दमली आहेस, म्हणून तुला असं वाटतंय. तिथं क्रूस आहे ना?

रेजीनबाय उठली. "क्रूस आहे म्हणूनच जायचं असतं, दुमिंगभाऊ," ती म्हणाली आणि टोपली घेऊन निघाली. पास्कूच्या दारावरून गेली, पण त्याला हाक मारली नाही.

पुनवेच्या दुपारी देवळात घंटा वाजत होत्या, लोंब्यांना आशीर्वाद मिळत होता, आणि बांधावर रेजीनबाय एकटी होती. पाणी चढत होतं. एक बीळ बुजवलं की पलीकडे दुसरं बुडबुडायचं. ती 'नमो मारिया' म्हणायला लागायची आणि अर्ध्यावर थांबायची, पुन्हा लागायची आणि पुन्हा थांबायची. हात जड झाले. डोळ्यांपुढं अंधारी आली. मान वर करून बघायचंही तिला जिवावर आलं होतं.

तेवढ्यात शेजारी कुणीतरी वाकलं. तिला फक्त दोन पाय दिसले, पोटऱ्यांपर्यंत चिखलात, आणि दोन हात, चिखलात पेंढा कालवणारे. पास्कू आला, तिला वाटलं. तिचा ऊर भरून आला. उशीर केलास रे, असं ती पुटपुटली. दोघांनी मिळून बिळं बुजवली, ती एक बुजवी तेवढ्यात त्याची पुष्कळ होत. मधेच तिचं लक्ष त्याच्या पायाकडे गेलं. पायावर जखम होती आणि तिच्यात माती गेली होती. ती आई होती, तिला राहवेना. घरी गेलास की हळद लाव हो, असं तिनं त्याला बजावलं.

मग तो बोलला. "दमलीस?"

"दमले रे," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनंही कुणाला सांगितलं नव्हतं.

"मग बस. आता माझा वार."

रेजीनबाय बसली.

इकडे लोक देवळातून बाहेर पडले. देऊळ टेकाडावर, तिथून सगळा बांध दिसतो. पास्कूनं बांधाकडे बघितलं आणि त्याच्या हातातल्या लोंब्या गळून पडल्या. पाणी बांधाच्या काठोकाठ आलं होतं. त्याची आई खाली बसली होती आणि कुणीतरी एकटाच टोपली घेऊन बांधावर धावत होता. कोण आहे तो? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. गावातला प्रत्येक जण तर इथंच होता. मग कुणीतरी बांधाच्या मध्याकडे बोट दाखवलं. क्रुसाच्या जागी क्रूस नव्हता. नुसता खड्डा होता.

दुमिंग पाटील सगळ्यांच्या आधी धावला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. सणाच्या कपड्यांत सगळं गाव बांधावर उतरलं. नव्या लुगड्यांच्या ओच्यांतून चिखल वाहून आणला, मांडवाच्या झावळ्या ओढून आणून भगदाडांत कोंबल्या. एका टोकाला बांध फुटलाच. तिथं पाटलाचं शेत होतं, ते गेलं. अजून तिथं भात होत नाही, नुसता लव्हाळा उगवतो. पण बाकीची शेतं वाचली आणि विहीर वाचली. उधाण उतरलं, तसं लोकांना भान आलं. तो मात्र कुठंच नव्हता.

क्रूस आपल्या जागी उभा होता. खालपासून आडव्या लाकडापर्यंत चिखलानं माखलेला, आणि तो चिखल ओला होता.

रेजीनबाय क्रुसाला टेकून बसली होती. पास्कू गुडघ्यांवर बसला, तिचे पाय हातांत घेऊन रडायला लागला. आई, मी आलो, म्हणाला. तिनं डोळे उघडले, त्याच्या पायांकडे बघितलं. पायांना चिखल होता, पण जखम कुठंच नव्हती. मग तिनं मागं वळून क्रुसाकडे बघितलं, बराच वेळ. "म्हणजे तू नव्हतास," ती म्हणाली आणि हसली. ते तिचं शेवटचं बोलणं, असं म्हणतात. ती तिथंच निजली. इतकी गाढ झोप तिला कधी लागली नसेल.

तेव्हापासून तिवरपाड्यात वार कधी चुकला नाही. चुना नाही, रंग नाही, आपल्या क्रुसाला फक्त चिखल लावतात. ज्याचा वार असेल त्यानं आपल्या टोपलीतला मूठभर चिखल क्रुसाच्या पायाला लावायचा, आणि वर चिमूटभर हळद. बाहेरगावचे पाद्री येतात, ते हळदीचं कारण विचारतात. आपण त्यांना ही गोष्ट सांगतो. नवी सून गावात आली, की आधी बांधावर जाते आणि मग घराचा उंबरा ओलांडते. आगेऱ्याच्या दिवशी तर फेरी झाल्याशिवाय मांडवात पान वाढत नाहीत.

आणि फेरी करणारा वाटेत थकून बसला, तर त्याला कुणी आळशी म्हणायचं नाही, भरवसा नाही असं तर मुळीच म्हणायचं नाही. जो पहिला बघेल त्यानं जवळ जायचं आणि विचारायचं, दमलास? तो हो म्हणाला, की त्याची टोपली आपल्या काखेत घ्यायची आणि चालायला लागायचं.

चला, उठा आता. ओहोटी लागली.