शेंदूर आणि शेला

“पण बाबा, ते घ्यावं की घेऊ नये? तेवढं एक सांगा.”

निवृत्तीगिरी बाबा वाती वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“काय घ्यावं?”

“सॉफ्टवेअर.”

बोलून गेले आणि त्र्यंबकराव हर्डीकर ओशाळले. तर्कशास्त्र शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. आणि आज वारणाकाठच्या या लहानशा देवळात, एका गोसाव्यापुढे मांडी घालून, ते कॉम्प्युटरवरच्या खेळाबद्दल विचारत होते.

“खेळतं कोण?”

“मी. म्हणजे मी आणि माझी नात, शाल्मली. ती नॉर्वेत असते. दर रविवारी आम्ही त्या खेळातल्या एका बेटावर भेटतो. घर बांधलंय, विहीर खणलीय. मी वाट चुकतो, मग ती मला शोधून आणते.”

“झकास. मग अडलं कुठं?”

“त्या खेळाला मॉड जोडता येतात, बाबा. चाहत्यांनी हौसेनं बनवलेली भर. कुणी नवी झाडं करतं, कुणी नवा पाऊस, कुणी तिथल्या माणसांना पागोटी घालतं. मी पुष्कळ जोडले. स्वतःच्या हातानं, मूळ फायलींवर नव्या फायली ठेवत. आता खेळ उघडतच नाही.” त्यांनी उपरण्यानं कपाळ पुसलं. “हे मॉड सांभाळणारं एक सॉफ्टवेअर मिळतं. जावई म्हणतात, ते घ्या.”

“मग घे.”

“तसं नाही ना! मी त्यावर सगळं वाचलं. निम्मे म्हणतात, त्यावाचून खेळूच नये. निम्मे म्हणतात, हातानं केलेलंच आपल्याला कळतं. मलाही वाटतं... दुसऱ्यावर सोपवलं की आपली समज गेली.”

“हातानं केलंस. बिघडलं कशानं, ते समजलं?”

त्र्यंबकराव उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

“नात काय म्हणते?”



“म्हणते, आजोबा, तुमचं ठरलं की सांगा. आधी रुसायची, भांडायची. गेल्या रविवारी नुसतं ‘बरं’ म्हणाली.” त्यांचा आवाज उतरला. “त्या ‘बरं’ची भीती वाटते, बाबा. आज संध्याकाळी परत बोलायचंय.”

बाबांनी वाती तबकात ठेवल्या.

“ते सॉफ्टवेअर करतं काय?”

“मूळ खेळाला ते हात लावत नाही. मॉड बाजूला ठेवतं आणि खेळण्यापुरते वरून पांघरवतं. नको असेल तो काढता येतो.” सांगताना त्र्यंबकरावांचा सूर वर्गातल्यासारखा खणखणीत लागला. मग पुन्हा बसला. “असं म्हणतात...”

“हातपाय धुऊन ये.”

“का?”

“मुरलीधराच्या आंघोळीची वेळ झाली. वाती वळून माझी बोटं आखडलीत. कपडे तू उतरव.”

“मी? मला सवय नाही, बाबा. काही चुकलं तर?”

बाबांनी गाभाऱ्याचा पडदा सोडला आणि भिंतीला टेकून बसले.

त्र्यंबकरावांनी भीत भीत हात घातला. आधी लोकरीचं टोपडं निघालं.

“कऱ्हाडच्या एका बाईंनी विणलंय,” बाबा म्हणाले. “देवाला थंडी वाजते म्हणे.”

मग हार. मग शेला.

“पिन जपून. रोज टोचते मेली.”

ती टोचलीच. मग अंगरखा, मग पितांबर. सगळं परातीत आलं आणि समोर काळाभोर, गुळगुळीत, हातभर उंचीचा मुरलीधर उभा राहिला. त्याच्या पायाशी कोरलेलं एक वासरू मान उंचावून वर बघत होतं.

त्र्यंबकराव बघतच राहिले. “इतकी वर्षं येतोय मी इथं. हे वासरू कधी दिसलंच नाही.”

“होतंच ते.”

बाबांनी गाभाऱ्याच्या दाराकडे बोट केलं. तिथं कोनाड्यात मारुती होता.

“आता त्याचा शेंदूर उतरव.”

त्र्यंबकराव उठले. त्यांनी मारुतीवरून हात फिरवला. नाक कुठलं, गदा कुठली, काही उमगेना. मारुती म्हणजे नुसता एक केशरी गोळा झाला होता. त्यांनी नख लावून पाहिलं.

“हा निघायचा नाही, बाबा. थरावर थर बसलेत.”

“कुणी चढवले?”

“आपणच की. दर शनिवारी...”

ते थबकले. बोटं केशरी झाली होती. त्यांकडे ते बघत राहिले.

“भक्तीत खोट नव्हती हं,” बाबा हलकेच म्हणाले.

मग दोघांनी मिळून मुरलीधराला आंघोळ घातली. वासराच्या कानामागचं पाणीसुद्धा त्र्यंबकरावांनी पंचाच्या टोकानं टिपलं. बाबांनी परात त्यांच्याकडे सरकवली.

“आता नटव.”

पितांबर कसंबसं नेसवून झालं. हार घातला. पण त्यावरून अंगरखा बसेना. ओढला, तर हाराची फुलं गळायला लागली.

बाबा खो खो हसले. “पंडिता, तू काय कोटावर गंजीफ्रॉक घालतोस का रे?”

“हेच! मॉडचंही हेच होतं, बाबा! आधी कुठला, मग कुठला, एक चुकला की सगळं...” बोलता बोलता त्यांनी हार काढला, अंगरखा चढवला, शेला पांघरवला, हार पुन्हा घातला. ठीक बसला.

“काय केलंस आत्ता?”

“हार काढला आणि...”

परातीत आता टोपडं तेवढं उरलं होतं. ते हातात घेऊन त्र्यंबकराव म्हणाले, “खेळ नव्यानं बसवतो. अगदी बोडका. मॉड सॉफ्टवेअरमध्ये ठेवतो. शाल्मलीला सांगतो, कुठला आधी चढवायचा ते तू ठरव.”

“हं.”

त्यांच्या चेहऱ्यावर आलेलं हसू तिथंच अडखळलं.

“पण बाबा... एवढं करूनही नाहीच जमलं तर?”

बाबांनी त्यांच्या हातातलं टोपडं घेतलं आणि मुरलीधराच्या डोक्यावर वाकडंच ठेवलं.

“उतरवू की. मुरलीधर कुठं पळून चाललाय?”