बोटभर फट

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे सर्जेराव नावाचा पत्र्याचं काम करणारा एक कारागीर राहत होता. ठेचलेली, चेमटलेली गाडी त्याच्या दारात सोडावी आणि परत न्यायला यावं तेव्हा ती आपलीच का, असा प्रश्न पडावा, इतका त्याचा हात चांगला. पण आपल्या कामात कुणी उणं काढलेलं त्याला सोसत नसे. आजवर तसं कुणी काढलंही नव्हतं. त्यामुळे त्याचा हा स्वभाव कधी कुणाला नडला नव्हता.

मार्तंड हा त्याचा लहानपणापासूनचा मित्र. मार्तंडाने सारी उमर उसाचा ट्रक चालवला. त्याला आणि त्याची बायको शालन हिला मूलबाळ नव्हतं. दोघं एकमेकांचा हात धरून सुखाने राहत होती. उतारवयात मार्तंडाच्या मनाने एकच हौस घेतली. कुठल्याशा शेडमध्ये धूळ खात पडलेली, दोघांपुरती एक जुनी शर्यतीची गाडी त्याने ओढून आणली आणि सर्जेरावाच्या दारात उभी केली.

"सर्ज्या, हिला माणसांत आण," तो म्हणाला.

सर्जेरावाने बाकीची कामं बाजूला सारली. वाळूच्या पोत्यावर पत्रा ठेवून तो ठोकठोक ठोकत राहिला. मागची दोन्ही मडगार्डं त्याने अशी फुगवली, की गाडी उभी असली तरी उडी घ्यायला दबून बसल्यासारखी वाटावी. वरून पिकल्या जांभळाचा रंग दिला. शालन अधूनमधून डबा घेऊन यायची, गाडीभोवती फिरायची.

"भाऊजी, माझ्या बाजूची गादी जरा उंच करा बरं," ती एकदा म्हणाली. "ह्यांच्या ट्रकमधून कसं सगळं दिसायचं. हिच्यात बसलं की नुसती रस्त्याची कडाच दिसते."

सर्जेरावाने हसून गादी उंच केली.

सगळं झालं, पण एक गोष्ट खटकत होती. त्या भरदार मडगार्डांखाली मागची जुनी चाकं अगदी किडकिडीत दिसत. मार्तंडाने शहरातून रुंद रिमा आणि रुंद टायर मागवले. सर्जेरावाने ते चढवले. गाडी खाली टेकवली, तेव्हा दोघेही बघतच राहिले. चाक मडगार्डाच्या पोटात गच्च भरून बसलं होतं. टायर आणि पत्रा यांच्यात जेमतेम बोटभर फट उरली होती. मडगार्डाची आत दुमडलेली कडा तेवढी टायरवर झुकलेली होती. सर्जेरावाला ती दिसली. पण एवढ्याने काय होतंय, असं म्हणून तो उठला.

सर्जेराव एकटाच चक्कर मारून आला. गाडी वाऱ्यासारखी पळाली. मग दोघे मिळून निघाले. ओढ्यावरच्या पुलाचा उंचवटा ओलांडताना गाडी दबली आणि मागून आवाज आला. खर्र! एकदाच. सर्जेरावाने मित्राकडे पाहिलं. मार्तंड समोर रस्त्याकडे बघत होता.

घरी आल्यावर सर्जेराव वाकला आणि डाव्या चाकाच्या वर हात घातला. टायरच्या खांद्यावर एक ओरखडा उमटला होता. रबर गरम लागत होतं. त्याला सगळं कळलं. दोन माणसांचं ओझं झालं की गाडी दबते आणि कडा टायरला घासते. ती कडा कापायला हवी होती. कापायची म्हणजे पत्रा तापणार, रंग फुटणार, एवढ्या कष्टाने आणलेली गोलाई वाकडी होणार. आणि दुसऱ्या दिवशी तर घाटावरच्या शहरात जुन्या गाड्यांचा मेळावा होता.

"काय रे," मार्तंड मागून म्हणाला, "सगळं ठीक आहे ना?"

सर्जेरावाने हात फडक्याला पुसला.

"फुलासारखी चालेल," तो म्हणाला.

सकाळी शालन नवं लुगडं नेसून आली. गाडीच्या दारात पाय ठेवताना ती थबकली. "बसू ना भाऊजी? माझ्या वजनाने मोडायची नाही ना तुमची गाडी?"

अजूनही बोलता आलं असतं. जुनी चाकं भिंतीला टेकून उभी होती. तासाभराचं काम होतं. पण गल्ली गोळा झाली होती. लोक मडगार्डांवरून हात फिरवून वाहवा करत होते.

"बसा वहिनी," सर्जेराव म्हणाला. "राणीसारख्या बसा."

मेळाव्यात गाडीला मोठा मान मिळाला. संध्याकाळी ती दोघं परत निघाली. उताराला गाडीने वेग घेतला. खड्ड्याखड्ड्याला कडा टायरला कापत गेली आणि घाटाच्या एका वळणावर डावं मागचं चाक फुटलं. गाडी फिरली. डाव्या अंगाने कठड्यावर जाऊन आदळली. शालन त्या बाजूला बसली होती. दवाखान्यात पोहोचेपर्यंतही ती जगली नाही.

मार्तंड वाचला. गाव भेटायला आलं. कुणी रस्त्याला बोल लावला, कुणी नशिबाला. टायर खराब निघाला असेल, असं सगळ्यांचं मत पडलं. सर्जेराव खाली मान घालून ऐकत राहिला. त्याला अन्न गोड लागेना. शेवटी त्याला राहवेना. तो मार्तंडाच्या घरी गेला. ओसरीवर मार्तंड एकटाच तांदूळ निवडत बसला होता. आजवर ते काम त्याने कधी केलं नव्हतं.

"मार्तंडा, टायर खराब नव्हता," सर्जेराव म्हणाला. "कडा घासत होती. मला ठाऊक होतं. माझं काम बिघडेल म्हणून मी गप्प बसलो. शालनवहिनींना मी मारलं."

मार्तंडाचे हात थांबले. तो रागावला नाही. रागावला असता, तर सर्जेरावाला बरं वाटलं असतं.

"मीही ऐकला होता तो आवाज," मार्तंड सावकाश म्हणाला. "पुलावर."

सर्जेरावाने मान वर केली.

"इतकी वर्षं ट्रक चालवला. टायर घासल्याचा आवाज मला कळणार नाही? म्हणून तर तुला विचारलं. पण तुझा चेहरा एवढा फुलला होता. म्हटलं, ह्याला कशाला हिरमुसवायचं? आणि खरं सांगू? मलाही ती चाकं काढायची नव्हती. तू ठीक म्हणालास, मला तेवढंच हवं होतं. आपल्या दोघांना ऐकू आलं रे सर्ज्या. जिला सांगायला हवं होतं, तिला मात्र कुणीच सांगितलं नाही."

सर्जेराव त्याच्यासमोर बसला आणि तांदळातले खडे वेचू लागला.

पुढे सर्जेराव पुन्हा कामाला लागला. गाडी घ्यायला आलेल्या माणसाला तो आधी गाडीतला दोष दाखवी, मग चावी देई. काहींना ते आवडे, काही तोंड वाकडं करत. त्याला आता त्याचं काही वाटत नसे. त्याच्या बोलण्याने कुणाकुणाचा जीव वाचलाही असेल. पण मार्तंडाच्या घरी दिवेलागणीला एकाच माणसाचं ताट मांडलं जाई.

तात्पर्य: आपल्या कामाचा तोरा राहावा म्हणून किंवा मित्राचं मन मोडू नये म्हणून जो धोका आपण मनात दडपतो, त्याचं मोल भलत्याच निरपराध माणसाला चुकवावं लागतं. म्हणून खटकलेली गोष्ट खटकल्याक्षणीच बोलून टाकावी.