मास्तरांचं मृत्युपत्र

"आणि वकील काय म्हणाला?" अज्जांनी विचारलं.

"वकील कशाला हवा?" विरुपाक्ष मास्तर हसले. "जन्मभर पोरांना मराठी शिकवलं, अज्जा. माझ्या घराबद्दल चार ओळी लिहायला मला दुसऱ्याचा हात लागतो होय?"

मठाचे म्हातारे स्वामी म्हणजे अज्जा. सगळा गाव त्यांना याच नावानं हाक मारायचा. मास्तरांना डॉक्टरांनी फार आशा दिली नव्हती. म्हणून मृत्युपत्र लिहून ते आशीर्वादाला आले होते.

त्यांचा हात धरून महादेवी आली होती. ती त्यांच्या मेहुणीची लेक. आई गेली तेव्हा पाळण्यात होती. मास्तरांनी आणि त्यांच्या बायकोनं तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. दत्तकविधान करायचं मात्र कुणाच्या मनातही आलं नाही. पुढे मावशी अंथरुणाला खिळली आणि गेली, मग आप्पा, म्हणजे मास्तर, आजारी पडले. महादेवीचं लग्न राहूनच गेलं.

अज्जांनी कागद हातात घेतला. एकदा वाचला.

"डोळे मीट, विरुपाक्षा."

मास्तरांनी मिटले.

"आता तू मेलास. मेलेल्यानं बोलायचं नाही."

मास्तर भिंतीला टेकून, मांडी घालून बसले होते. त्यांच्या लोकांत मेलेल्या माणसाला असंच बसवून पुरतात. आजारी माणसाशी कसला हा खेळ? महादेवीला अज्जांचा राग आला.

अज्जा वाचू लागले. "माझे राहते घर माझी कन्या महादेवी हिने सांभाळावे."

मग थांबले.

"हा तुझा पुतण्या आला बघ, चनबसू. तो विचारतोय... कन्या कोण? काकांना मूल कुठं होतं?"

मास्तरांच्या पापण्या हलल्या.

"म्हणतोय, सांभाळावे म्हणजे राखण करावी. घर तिचं झालं, असं कुठं लिहिलंय?"

मास्तरांच्या मुठी वळल्या.

"आणि सही काकांनीच केली, हे बघितलं कुणी? दोन साक्षीदार लागतात. इथं एकही नाही."

"अज्जा! माझ्या मनात तर..."

अज्जांनी ओठांवर बोट ठेवलं.

मास्तरांनी डोळे उघडले. चेहरा लालबुंद झाला होता. त्यांनी कागद ओढून घेतला आणि घडी घालून खिशात कोंबला.

"चनबसू तसा नाही. भेटला की पाया पडतो माझ्या."

"वकिलाकडे जा, विरुपाक्षा. आजच जा."

मास्तर महादेवीचा हात धरून उठले.

वाटेत महादेवी हळूच म्हणाली, "आप्पा, जाऊन यायचं का?"

"तुझाही विश्वास नाही माझ्यावर?"

माणूस जायला टेकलेला असताना आपण घराचं काढावं, याची तिची तिलाच लाज वाटली. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही.

मास्तर गेले. चनबसू हमसून हमसून रडला. ते रडणं खोटं नव्हतं, असं महादेवीला आजही वाटतं.

मग त्यानं घर मागितलं. रक्ताचा वारस तोच होता.

कोर्टात त्याच्या वकिलाला फारसं बोलावंही लागलं नाही. साक्षीदारांशिवायचं मृत्युपत्र म्हणजे मृत्युपत्रच नव्हे, एवढ्यावर सगळं संपलं. कन्या आणि सांभाळावे या शब्दांपर्यंत गोष्ट पोचलीच नाही.

चनबसू आवाज चढवून बोलला नाही. "अक्का, भांडी हवी ती घेऊन जा," म्हणाला.

तिनं काहीच घेतलं नाही. कपड्यांची पिशवी घेऊन ती मठात आली. अज्जा खाटेवर पडून होते. त्यांना सगळं कळलं होतं.

ती खाटेपाशी बसली.

"घराचं राहू द्या, अज्जा," ती म्हणाली. "एकच विचारते. खरं सांगा. आप्पांचा जीव नव्हता का माझ्यावर?"

अज्जांनी तिच्याकडे पाहिलं...

"फार होता, बाई. तू त्याची लेकच, यात वकिलाला काय विचारायचं, असं वाटलं त्याला."