महाभोगाचे शिलासन

त्रेतायुग नुकतेच लागले होते आणि विंध्याच्या दक्षिण उतारावर मनुष्याचे पाऊल अद्याप पडले नव्हते, त्या काळची ही कथा. तेथे मणिह्रद नावाचे विस्तीर्ण सरोवर होते; त्याच्या काठी व मागच्या डोंगरावर नागांची बाराशे घरे नांदत होती. सारी एकाच कुळातली. देवांचा पक्ष घेणारे त्यांत कोणी नव्हते, असुरांचा घेणारेही नव्हते. पक्ष एकच, नागराज महाभोगाचा.

कुळाचा नियम पुरातन होता. दर बारा वर्षांनी प्रत्येक घराने आपल्याला मान्य असेल त्याच्यापुढे नागवेलीचे एक पान ठेवावे. ज्याच्यापुढे पाने अधिक, त्याने सरोवराकाठच्या शिलासनावर बसून कुळाचे पालन करावे. पण गेली तीनशे वर्षे पानांची रास एकच पडत होती. दुसरा कोणी उभाच राहत नव्हता.

त्याला कारणही तसेच होते. पूर्वी क्षुधित गरुड मणिह्रदावर उतरला, तेव्हा महाभोगाने त्या शिळेला वेटोळे घातले, आपले शंभर फणे छत्रासारखे पसरले आणि कुळातील सारी बालके त्यांखाली घेतली. तीन दिवस त्या प्रचंड पंखांचे आघात झाले. शिखरे ढासळली, सरोवराचे जल आकाशाला भिडले, पण एकही फणा मिटला नाही. चौथ्या दिवशी गरुड परत फिरला आणि साक्षात ब्रह्मदेव प्रकट झाले.

"वत्सा, वर माग," ते म्हणाले.

रक्ताने न्हालेला महाभोग म्हणाला, "पितामह, मी या शिळेवर बसलो असता देव, दानव वा नाग, कोणीही मला हलवू नये."

"तथास्तु. बसलेला असशील तोवर."

पुढे इंद्राने मत्सराने त्या आसनावर वज्र फेकले. दाही दिशा उजळल्या, विंध्य थरथरला, आणि वज्र बोथट होऊन स्वर्गात परतले. त्या दिवसापासून आसनाकडे पाहताना नागांच्या माना आपोआप लवू लागल्या.

अशी तीन शतके गेली. मग एका वर्षी मागच्या डोंगराचा कडा कोसळला आणि वरच्या वस्तीचा झरा एका अजस्र धोंड्याखाली दबला. झऱ्याच्या कुंडात साचलेले पाणी सडले. तेच पिऊन सात बालके दगावली. त्यांत पिंगाक्षी नावाच्या नागस्त्रीचा एकुलता पुत्र उत्पलक होता. महाभोगाचे मुख सरोवराकडे होते आणि कुंड त्याच्या पाठीमागे. त्याचे सेवक मागे काय चालले आहे ते सांगत नसत. अशुभ वार्ता आसनापाशी नेऊ नये, अशी रीत पडली होती.

पिंगाक्षीने उभे राहण्याचे ठरवले. ती घरोघर फिरली. वृद्ध सुदंष्ट्राने तिला आदराने बसवले आणि म्हटले, "मुली, गरुडाच्या वेळी मी त्याच्याच फण्याखाली होतो. पान दुसरीकडे ठेवायला माझा हात उठणार नाही. आणि समज, साऱ्यांनी तुझ्यापुढेच पाने ठेवली. पण त्याला उठवणार कोण?" प्रत्येक दारी तिला हेच उत्तर मिळाले.

अखेर ती विंध्य ओलांडून उत्तरेकडच्या तृणपाद मुनींच्या आश्रमात गेली. "भगवन्, त्याला शाप द्या," ती म्हणाली.

मुनी म्हणाले, "माझ्या शापाने तो भस्म होईल, हलणार मात्र नाही. कन्ये, त्याने वर मागितला तो कोणी हलवू नये असा. आपण होऊन उठायला त्याला कोणाची आडकाठी आहे? ज्यासाठी उठावे असे त्याला कोणी काही सांगितलेच नाही."

पानांचा दिवस आला. बाराशे घरांचे नाग सरोवराकाठी जमले. पिंगाक्षी सेवकांना ओलांडून थेट आसनासमोर उभी राहिली. कुळातील प्रत्येक बालकाचे नाव महाभोगच ठेवी आणि त्यातले एकही तो विसरत नसे. तिला पाहून त्याचे शंभर फणे प्रसन्न झाले.

"ये, पिंगाक्षी. उत्पलक आता सळसळत पोहत असेल?"



"महाराज, उत्पलक चैत्रातच गेला," ती म्हणाली. "तुमच्या पाठीमागे कुंड आहे. तिथले पाणी पिऊन गेला. उठा आणि एकदा पाहा."

"मी उठलो तर माझा वर संपेल."

"ठाऊक आहे, महाराज. ठाऊक असूनच सांगते आहे."

महाभोगाने एकेका सेवकाकडे पाहिले. कोणाचीही दृष्टी वर आली नाही. मग तो उठला. तीनशे वर्षांत त्याची त्वचा शिळेशी एकजीव झाली होती. ती टराटरा फाटली आणि त्या नादाने विंध्याची शिखरे दुमदुमली, सरोवर काठ सोडून चढले, सिंह गुहांत दडले. सोललेल्या कोवळ्या देहाने तो नागराज डोंगर चढला. त्याने त्या धोंड्याला खांदा लावला. धोंडा हलेना, तेव्हा पिंगाक्षी व वरच्या वस्तीतील स्त्रिया त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या, आणि सायंकाळपूर्वी झरा मोकळा झाला.

परतल्यावर त्याने जे पाहिले, त्याने तो जागीच थिजला. शिळेवर त्याची रिकामी त्वचा उभी होती, शंभर फण्यांसह. आणि काठावरच्या घरांनी तिच्याचपुढे पानांची रास रचली होती. वृद्ध सुदंष्ट्र तिला हात जोडून उभा होता.

"सुदंष्ट्रा," महाभोग हळूच म्हणाला, "आत कोणी नाही रे."

त्याने ती त्वचा खेचून सरोवरात लोटली आणि आकाशाकडे मुख केले. "पितामह, पहिला वर परत घ्या, हा एक द्या. माझ्या वंशात यापुढे कोणाचीही त्वचा त्याच्या आसनाला चिकटून राहू नये. वेळ येताच ती त्याला सोडावी लागो, आणि सोडलेलीत त्याला पुन्हा शिरता न येवो."

मेघांतून गंभीर ध्वनी आला, "तथास्तु."

पाने पुन्हा ठेवली गेली. कित्येक हात सवयीने महाभोगाकडेच वळत होते; तरी तीनशे वर्षांत प्रथमच काठावर दोन राशी दिसल्या आणि पिंगाक्षीची रास बारा पानांनी मोठी भरली. महाभोगाचे स्वतःचे पान तिच्याच राशीत होते.

तोवर नाग कात टाकीत नसत. त्या दिवसापासून टाकू लागले. आजही साप खडकाच्या कपारीत अंग घासून कात टाकतो, ती जिथे पडेल तिथे सोडून देतो आणि मागे वळून तिच्याकडे पाहत नाही.