कोरं पुस्तक

आता सांगते त्यातलं एक अक्षर खरं मानून दाखव, मग बोल.

मी शाळेत खिचडी शिजवते. आमची पोरं कवितांच्या वाचनालयात न्यायची होती, मीबी गेले. तिथले अध्यक्ष विद्याधरराव, स्वतः कवी. कपाटांना कुलपं ठोकून म्हणतात कसे, "लांबून बघा. तुमच्या हातांनी पुस्तकं मळतील."

माझं डोकंच फिरलं. मेल्या, पोरं हात घासून आलीत की.

तेवढ्यात चौथीतली कौतिका म्हणाली, "सर, तुमचं पुस्तक कुठलंय?"

त्यांनी छाती फुगवून काचेतनं दाखवलं.

"शेजारची पुस्तकं लोकांनी वाचून वाचून मळवलीत. तुमचंच कसं कोरं राहिलं?"

हसू दाबायला आमचे गुरुजी खोकले. विद्याधररावांनी कुलूप काढलं, आधी स्वतःचं पुस्तक तिच्या हातात दिलं. म्हणाले, "मळव."

ऊठ आता, चालता हो. माझी चूल खोळंबलीय.