भिवराबाईची ओटी

शिखराई देवीच्या डोंगराखाली आंबेखोल नावाचे लहानसे गाव आहे. केशवगिरी महाराजांचा मुक्काम त्या वर्षी तिथेच, पायऱ्यांच्या तोंडाशी एका झोपडीत होता. चैत्री पौर्णिमेची सकाळ. मानाची पहिली ओटी देशमुखांची, म्हणून बायका खालीच थांबल्या होत्या.

त्यांत पत्रावळी लावून पोट भरणारी भिवराबाई होती. लेक सुखरूप बाळंत झाली तर याच पौर्णिमेला देवीची ओटी भरीन, असा तिचा नवस. नातू झाला, पण म्हातारीचे गुडघे तिसऱ्याच पायरीवर बसले. नवस बोलायला जीभ पुरते, फेडायला गुडघे लागतात!

देशमुखांच्या सुभद्राबाई डोलीतून आल्या, तसा भिवराने पदर पसरला. "बाईसाहेब, माजी एवढी ओटी आईला घाला. बाप्यांच्या हाती देता येत न्हाई, न्हाईतर म्हाराजांनाच इनवलं असतं."

बाईंनी तिचा हिरवा खण दोन बोटांनी उचलला. विटका, कोपऱ्याला लाल दोऱ्याने शिवलेला. "हा माझ्या पैठणीशेजारी? माणसानं आपली पायरी ओळखून राहावं, भिवरे!"

बरोबरच्या बायका फिदीफिदी हसल्या. बाईंनी खण तिच्या पदरात परत टाकला आणि डोली निघून गेली. बाईंचा रोष नको म्हणून दुसरीही कोणी पुढे होईना. भिवराच्या डोळ्यांना धार लागली.

महाराज म्हणाले, "अगं, आईलाच हाक मार. लेकीची सुटका जिनं केली, ती एवढ्यासाठी अडेल होय?"

वर गुरवाने दार उघडले आणि सुभद्राबाई थबकल्या. देवीच्या ओटीत तांदूळ, नारळ, आणि लाल दोऱ्याने शिवलेला तोच विटका खण!

"हे कोणी ठेवलं?"

"देवीला ठाऊक! पूजा झाल्यापासून मी उंबऱ्यावरच बसून आहे. तुमच्याआधी कुणाला आत सोडलं नाही."

बाईंना दरदरून घाम फुटला. डोली तिथेच टाकून त्या पायी खाली आल्या. "भिवरे, तुझी ओटी वर कोणी नेली?"

म्हातारी आता सुखाने हसत होती. "आसं काय करता, बाईसाहेब? तुमीच की! माघारी आलात, माजे डोळे पुसलेत, 'राग धरू नगंस, दे इकडं' म्हनालात. तुमचं लई भलं हुईल!" आणि ती बाईंच्या पाया पडू लागली.

केवढी ही माउलीची करुणा! भक्ताचे काम तर केलेच, वर टाकून बोलणारीची अब्रूही राखली. सुभद्राबाईंना हुंदका आवरेना. त्यांनी महाराजांकडे पाहिले.

महाराज म्हणाले, "बाई, आईनं आज तुमचं रूप घेतलं. आता ते जपा."

सुभद्राबाईंनी भिवराला वाकू दिले नाही. साऱ्या बायांच्या देखत त्यांनीच आपले मस्तक तिच्या पायांवर ठेवले.